स्पेसाइड कूपरेज: डिस्टिलरीच्या आधी इथे जाऊन या

स्कॉटलंडला व्हिस्कीसाठी जाणारे सगळे डिस्टिलरीच्या टूर बुक करतात, ती मोठमोठी तांब्याची भांडी बघतात, शेवटी दोन घोट घेतात आणि निघतात. पण व्हिस्कीला रंग आणि चवीचा मोठा भाग ज्या लाकडी पिंपातून मिळतो ते पिंप बनतं कसं, हे बघायचं फारसं कोणाच्या डोक्यात येत नाही. म्हणून सांगतो, स्पेसाइड भागात गेलात तर क्रेगेलाकी गावातलं स्पेसाइड कूपरेज, म्हणजे पिंपं बनवायची-दुरुस्त करायची जागा, अजिबात सोडू नका.

१९४७ पासून चालू आहे हे. आणि हे म्युझियम नाहीये बरं का, खरंखुरं वर्कशॉप आहे. आपण वरच्या गॅलरीत उभे राहतो आणि खाली कारागीर हातोडा घेऊन पिंपाभोवती गोल फिरत लोखंडी पट्टे ठोकत असतात, तेही इतक्या स्पीडने की नजर कुठे ठेवायची कळत नाही. त्यांना पैसे पिंपामागे मिळतात, त्यामुळे आपल्यासाठी कोणी हळू करून वगैरे दाखवत नाही, आणि मला तेच सगळ्यात आवडलं.

मला वाटायचं नवीन पिंपं बनवत असतील, पण मुख्य काम जुनी दुरुस्त करायचं. अमेरिकेत कायद्याने बर्बन (तिथली व्हिस्की) नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते, मग एकदा वापरलेली ती २०० लिटरची पिंपं ढिगाने स्कॉटलंडला येतात. त्यांच्या फळ्या सुट्या करून, जास्तीच्या फळ्या घालून, दोन्ही बाजूंची झाकणं मोठी लावून २५० लिटरचं हॉग्सहेड नावाचं मोठं पिंप बनवतात. खिळा नाही, गोंद नाही! फळ्यांच्या कडा तिरक्या तासलेल्या असतात, वरून पट्ट्यांचा दाब आणि ओलं झालं की लाकूड फुगतं, बास. फटीत कुठेकुठे सुक्या लव्हाळ्याची पात घालतात. खराब फळी काढून तिथे दुसऱ्या पिंपाची फळी बसवतात, आणि कुठली बसेल हे कारागीर नजरेनेच ठरवतो, हे बघताना मी खरंच थक्क झालो. चार वर्षं अप्रेंटिसशिप करावी लागते ती उगाच नाही.

आतून जाळायचं कामही भारी असतं. आगीने लाकडाचा आतला थर जळतो, त्याच्या मागचा भाजला जातो आणि व्हॅनिला, कॅरमलसारख्या चवी तिथून येतात. स्कॉचला निदान ३ वर्षं ओकमध्ये राहावंच लागतं, त्यामुळे पिंप वापरून वापरून दमलेलं असेल तर आत कितीही चांगली दारू भरा, उपयोग नाही. ही गोष्ट डिस्टिलरीच्या टूरमध्ये दोन वाक्यांत उरकतात, इथे डोळ्यांसमोर दिसते.

आवाज प्रचंड असतो, लहान मूल बरोबर असेल तर तेवढं लक्षात ठेवा. कामाच्या दिवशीच जा, आधी बुकिंग करा, आणि लगेच पुढची डिस्टिलरी ठेवू नका कारण गॅलरीतून पाय निघत नाही.