सेगोव्हियाची पायी सहल: सुरुवात छान, शेवट घाईचा

स्पेनमधल्या सेगोव्हियात गाइडसोबतच्या पायी सहलींचा मार्ग जवळपास ठरलेला असतो. असोगेखो चौकात रोमन जलसेतूखाली जमायचं, काये रेआलच्या चढाने प्लासा मायोर गाठायचा, मग कॅथेड्रल आणि शेवटी अल्कासारचा किल्ला. अंतर किरकोळ, वेळ दोन-अडीच तास. गाव पहिल्यांदाच पाहणाऱ्याने ही सहल जरूर घ्यावी, पण पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात.

जलसेतूचा भाग बहुतेक गाइड मन लावून सांगतात. उंची 28 मीटरच्या आसपास, ग्रॅनाइटचे दगड एकमेकांवर नुसते रचलेले, मध्ये चुन्याचा कणही नाही. दगडाचं वजन आणि कमानीचा दाब यांवरच सगळा डोलारा उभा आहे. हे ऐकताना चौकाच्या मध्यावर थांबू नका, थेट खांबापाशी जा. दगडांच्या दर्शनी बाजूला बोटं शिरतील एवढे खळगे दिसतील. दगड वर चढवताना लोखंडी चिमट्याचे दात त्यांत रुतवत. मग मान वर करून कमानींच्या दोन मजल्यांमधली सपाट पट्टी पाहा. तिथल्या भोकांच्या रांगांमध्ये एके काळी कांस्याची अक्षरं ठोकलेली होती. चांगला गाइड ही भोकं बोट करून दाखवतो आणि तिथे जरा थांबतो. गाइडची पारख करायला एवढं पुरे.

काये रेआलवर 'कासा दे लोस पिकोस' हे घर लागतं. त्याच्या भिंतीवर सहाशेहून जास्त टोकदार दगड बसवले आहेत. ते सगळेच दाखवतात. त्याच रस्त्यावरच्या इतर घरांची नक्षी मात्र पुष्कळदा राहून जाते. ती रंगवलेली नाही, गिलाव्यात कोरलेली आहे. गिलाव्याचे दोन थर देऊन वरचा ओला असतानाच साचा धरून खरवडला, की खालच्या थराचा रंग उघडा पडतो. सकाळचं तिरकं ऊन असताना ती उठून दिसते.

प्लासा मायोरपासून गडबड सुरू होते. कास्तीलची राणी इसाबेला हिचा राज्याभिषेक 13 डिसेंबर 1474 रोजी इथे झाला, हे दोन वाक्यांत उरकतं आणि कॅथेड्रल बाहेरूनच दाखवलं जातं. खरं तर कॅथेड्रल आणि अल्कासार यांची कहाणी एकच आहे. जुनं कॅथेड्रल अल्कासारच्या समोरच होतं. 1520-21 च्या कोमुनेरोस बंडात, म्हणजे कास्तीलच्या शहरांनी राजाविरुद्ध केलेल्या उठावात, बंडखोरांनी तिथूनच किल्ल्याला वेढा घातला आणि त्या लढाईत इमारतीची वाताहत झाली. 1525 मध्ये नवं बांधकाम मुद्दाम किल्ल्यापासून लांब सुरू केलं. जुन्या कॅथेड्रलच्या अंगणाभोवतीच्या ओवऱ्या दगड-दगड सुटा करून इकडे आणल्या आणि पुन्हा उभ्या केल्या. त्या आजही आत पाहता येतात. अल्कासारसमोरच्या बागेत उभं राहून गाइडने हे सांगितलं, की सगळा मार्ग जुळून येतो. ते न सांगता तिथे फोटोपुरतं थांबणं ही या सहलींची सगळ्यात मोठी उणीव.

आधी विचारायचं ते असं. अल्कासारच्या आतला प्रवेश धरला आहे का? बक्षिसीवर चालणाऱ्या सहली सहसा दारापाशीच संपतात. सहल एकाच भाषेत आहे का? एकाच गटाला दोन भाषांत सांगणाऱ्याकडून निम्मीच माहिती मिळते. गट किती मोठा? काये रेआल अरुंद आहे, वीसच्या वर माणसं झाली की मागच्यांना ऐकू येत नाही. अल्कासारच्या, राजा हुआन दुसरा याच्या नावाच्या बुरुजावर चढायचं असेल तर 152 पायऱ्या आहेत, त्याचं तिकीट वेगळं आणि वेळही वेगळा धरा.

माद्रिदहून वेगवान रेल्वे अर्ध्या तासात पोचवते, पण सेगोव्हिया-गियोमार स्थानक गावाबाहेर आहे आणि तिथून बसने यावं लागतं. गाडी पोचण्याची वेळ आणि सहलीची वेळ यांत निदान पाऊण तास ठेवा, नाहीतर जलसेतूचाच भाग हुकतो. दगडी फरसबंदीवर पातळ तळव्याचे बूट त्रास देतात.

सहल संपल्यावर लगेच परत फिरू नका. समोरून अल्कासार साध्या किल्ल्यासारखा दिसतो. एरेस्मा आणि क्लामोरेस या नद्यांच्या संगमावर जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला त्याचा आकार खाली एरेस्माच्या खोऱ्यात उतरल्यावरच डोळ्यांत भरतो. तिथेच बारा बाजूंचं वेरा क्रूस हे चर्च आहे, आणि ते बहुतेक सहलींच्या यादीत नसतं.