शॅनन की सिम्पसन? घाट उतरण्याआधी ठरवलेलं बरं

पावसाळा सरला की बेळगाव-खानापूरकडची झूऑलॉजीची पोरं किनाऱ्यावरच्या प्रोजेक्टला निघतात. कुणी चोर्ल्याने गोव्यात, कुणी आंबोली उतरून वेंगुर्ल्याला, कुणी थेट कारवारला. चौकट टाकून प्राणी मोजणं सगळ्यांना जमतं. घोडं अडतं ते परत आल्यावर, विविधतेचा निर्देशांक, म्हणजे जाती किती आणि त्यांत प्राणी कसे वाटलेत हे एका आकड्यात सांगणारं माप, कुठला काढायचा इथं. शॅनन आणि सिम्पसन हे त्यातले दोन, मी दोन्ही वापरलेत. सूत्रं तुम्हाला येत असतीलच, ती सोडून बोलतो.

शॅननचं वजन मोठं आहे, हे आधी मान्य. १९४८ साली संदेशवहनाच्या गणितासाठी मांडलेलं हे सूत्र जीवशास्त्रात इतकं मुरलंय की किनाऱ्याचे जुने अहवाल उघडले की बहुधा तेच भेटतं. सिम्पसन त्याच्यापेक्षा एका वर्षाने धाकटा. शॅनन दुर्मीळ जातींची दखल जास्त घेतो, सिम्पसन भरमसाट असलेल्यांकडे बघतो.

समजा ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर एका चौकटीत ८० बार्नेकल, १० नेराइट, ५ लिम्पेट, ४ शिनाणे आणि खाचेत चिकटून बसलेला १ कायटन मिळाला. शॅनन येतो ०.७३, सिम्पसन (१ वजा डी; डी म्हणजे प्रत्येक जातीच्या वाट्याच्या वर्गांची बेरीज) ०.३५. आता तो कायटन नजरेतून सुटला असं धरा. शॅनन ०.६८ वर येतो, सिम्पसन ०.३३ वर. म्हणजे एका प्राण्यापायी शॅनन जवळपास ७ टक्के घसरला, सिम्पसन ४ टक्क्यांच्या आत राहिला. प्रदूषणाचा अभ्यास असेल आणि मोजणारा तयारीचा असेल, तर ही संवेदनशीलता शॅननचा गुणच. पण पाणी चढायला लागलं की शेवटच्या चौकटी कशा उरकल्या जातात, ते किनाऱ्यावर गेलेल्याला सांगायला नको.

तरी एवढ्यावरून मी शॅनन सोडला नसता. माझं डोकं फिरवलं ते शॅननच्या सूत्रातल्या लॉगच्या पायाने, म्हणजे लॉग कुठल्या संख्येच्या आधाराने काढला त्याने. वरचीच चौकट घ्या. नैसर्गिक लॉगने ०.७३, दोनच्या पायाने १.०६, दहाच्या पायाने ०.३२. खडक तोच, प्राणी तेच. कॅल्क्युलेटरचं लॉग बटण दहाचा पाया धरतं, एक्सेलचं लॉगही पाया सांगितला नाही तर दहाच धरतं, आणि आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं लॉग लिहिलं की नैसर्गिक. त्यामुळे एकाच गटातल्या दोघांची उत्तरं जुळेनात, आणि दोघंही बरोबर! वर तुलनेसाठी हाती आलेल्या एका जुन्या अहवालात पायाचा उल्लेखच नव्हता. जातींची संख्या दिली असती तर थोडा अंदाज बांधता येतो, कारण त्या संख्येच्या लॉगपेक्षा शॅनन मोठा होऊ शकत नाही. तीही नव्हती. मग त्या आकड्याचं करायचं काय?

सिम्पसन धुतल्या तांदळासारखा नाही. डी, १ वजा डी आणि १ भागिले डी अशी त्याची तीन रूपं फिरतात, आणि नुसता डी वाढला की विविधता कमी, हे पोरांना उलटं वाटतं. पण बार्नेकलनी माखलेल्या खडकाला कुणी ०.६५ विविधता लिहिली, तर तो नुसता डी आहे हे सहसा ध्यानात येतं, आणि एका वजाबाकीत सुधारताही येतं. शिवाय तोंडी परीक्षेत अर्थ सांगायला सोपा: डोळे मिटून दोन प्राणी उचलले तर ते वेगळ्या जातींचे निघण्याची शक्यता शंभरात ३५. शॅननच्या ०.७३ चा असा एका दमात अर्थ सांगून बघा.

म्हणून माझ्यापुरता तरी मी सिम्पसन पुढे ठेवतो. तुमच्या गाइडला जुन्या अहवालांशी तुलना हवीच असेल तर शॅननही काढा, पण तक्त्याच्या मथळ्यातच पाया लिहा. सोबत पिलूची समानता, म्हणजे शॅननला जातींच्या संख्येच्या लॉगने भागून येणारा आकडा, द्यायलाही हरकत नाही. अंश-छेदात एकच लॉग वापरला की पाया उडून जातो. वरच्या चौकटीला कसाही काढा, ०.४६ च येणार. आणि खडकावर शेवाळ असेल, म्हणजे नग न मोजता व्यापलेल्या जागेचे टक्के घेतले असतील, तर सिम्पसनचं एन गुणिले (एन वजा एक) वालं सूत्र (एन म्हणजे नगांची संख्या) लावू नका. ते फक्त मोजलेल्या नगांसाठी आहे. टक्क्यांना साधी वर्गांची बेरीज घ्यायची.