वेगवेगळे रिटर्न भरणाऱ्या जोडप्यांसाठी आयआरएसची पुस्तिका ९३६

अमेरिकेत घरकर्जाच्या व्याजाची वजावट समजून घ्यायला आयआरएसची (तिथल्या केंद्रीय कर खात्याची) ही मोफत पुस्तिका पुरेशी आहे, फक्त नीट वाचायला हवी. स्वतंत्र रिटर्न भरल्यास १५ डिसेंबर २०१७ नंतरच्या ज्या कर्जावरचे व्याज वजा होते, त्याची मर्यादा प्रत्येकी ३,७५,००० डॉलर. कर्ज त्याहून मोठे असेल, तर कर्जाच्या सरासरी शिलकीचा तक्ता भरावाच लागतो. दोन घरे असतील, तर लेखी संमतीशिवाय एकाला एकाच घराचे व्याज वजा करता येते.

सर्वांत उपयोगी भाग सामायिक कर्जाचा. फॉर्म १०९८, म्हणजे भरलेल्या व्याजाचा कर्जदात्याकडून येणारा दाखला, बहुधा एकाच्याच नावे येतो. त्याने आपला वाटा शेड्यूल एच्या (वजावटी एकेक करून मांडायच्या फॉर्मच्या) ८ए ओळीत दाखवायचा. दुसऱ्याने आपला ८बीत, सोबत फॉर्म मिळालेल्याचे नाव, पत्ता आणि कोणी किती भरले याचा तपशील. दोघांनी पूर्ण रक्कम लावली, की नोटीस येण्याचा धोका.

मोठी उणीव एकच. एकाने शेड्यूल ए भरले, की दुसऱ्याची स्टँडर्ड वजावट (तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट) शून्य होते. हा नियम पहिल्याच पानावर हवा होता. कॅलिफोर्निया, टेक्साससारख्या राज्यांत वैवाहिक मिळकत सामायिक धरतात, तिथल्यांनी पुस्तिका ५५५ सोबत ठेवावी.