नोंदणी फी नाही, तरी गंडा: घरबसल्या डेटा एन्ट्रीचं ‘क्यूसी फेल’ प्रकरण

नोंदणी फी मागितली की पोरं सावध होतात, हे फसवणाऱ्यांनाही आता कळून चुकलंय. म्हणून डेटा एन्ट्रीच्या धंद्यात त्यांनी पद्धत बदलली. काम आधी देतात, एक रुपया घेत नाहीत आणि पैसे उकळतात ते काम संपल्यावर, दंडाच्या नावाखाली. भरतीची तयारी करणारी मुलं, लग्नानंतर किंवा बाळंतपणानंतर नोकरी सुटलेल्या बायका, कंपनी बंद पडल्याने घरी बसलेले पन्नाशीतले लोक यात सापडतात आणि लाजेपोटी घरात बोलत नाहीत. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाखांवर अर्ज आले होते. जागा सुटेपर्यंत आणि निकाल लागेपर्यंत घरात चार पैसे आणावेत असं ज्याला वाटतं, तोच या गळाला लागतो. यात आळस किंवा हाव शोधू नये.

जॉबच्या संकेतस्थळावर रेझ्युमे टाकला की दोन-चार दिवसांत फोन येतो. बोलणं बहुधा हिंदीत आणि अतिशय नम्र. रेझ्युमे निवडला गेलाय, चित्रातला मजकूर बघून पाच दिवसांत 600 फॉर्म टाइप करून भरायचे, फॉर्ममागे 35 रुपये, म्हणजे 21,000 रुपये. आकडे बदलतात, साचा तोच. मग व्हॉट्सअॅपवर आधार कार्ड, फोटो, कोऱ्या कागदावर केलेली सही आणि ओळखीच्या दोन माणसांचे नंबर मागतात. सही आणि हे दोन नंबर कशासाठी लागतात, ते नंतर कळतं. तासाभरात कराराची पीडीएफ येते. ‘आजच मान्य करा, स्लॉट भरतायत’ अशी घाई असते. बारा-पंधरा पानं मोबाईलवर कोण वाचणार? पण फास तिथेच असतो: अचूकता 90 टक्क्यांच्या खाली गेली किंवा काम अर्धवट सोडलं तर ‘सर्व्हर व मेंटेनन्स शुल्क’ म्हणून पाच-सहा हजार रुपये अर्जदाराने भरायचे.

ही पीडीएफ मोठी करून बघा. पहिल्या पानावर स्टॅम्पपेपरचं चित्र असतं. त्यावर मुद्रांक विकत घेणाऱ्याचं नाव दिसत नाही, किंवा भलत्याचंच असतं. प्रत्येक पानावरची तुमची सही तंतोतंत सारखी, त्याच तिरकेपणाची असते, कारण तुम्ही पाठवलेला एकच फोटो सगळीकडे चिकटवलेला असतो.

आता 90 टक्के अचूकतेचं गणित. ऐकायला ही अट सैल वाटते. पण मोजणी अक्षरांवर होत नाही, फॉर्मवर होते: एक अक्षर चुकलं की अख्खा फॉर्म बाद. एका फॉर्ममध्ये 20 रकाने आणि रकान्यात सरासरी 12 अक्षरं धरली तर 240 अक्षरं झाली. हजारात पाचच चुका करणारा, म्हणजे 99.5 टक्के अचूक टाइप करणारा माणूस घेतला, तरी त्याचे जेमतेम 30 टक्के फॉर्म निर्दोष उतरतात. दहातले नऊ फॉर्म बिनचूक हवे असतील तर साधारण 2,300 अक्षरांमागे एकच चूक परवडते. इंग्रजी 40 शब्दांचं टायपिंग सर्टिफिकेट असलेल्यालाही पाच दिवस सलग हे जमत नाही. शिवाय चित्रातली अक्षरं मुद्दाम धूसर ठेवलेली असतात. शून्य आहे की इंग्रजी ओ, एक आहे की स्मॉल एल, दोन शब्दांमध्ये एक स्पेस आहे की दोन, हे डोळे फोडूनही कळत नाही. शेवटच्या दिवशी साइट हटकून अडकते. इतकं करूनही कुणाचं काम बिनचूक झालंच, तरी तपासणारे तेच, त्यामुळे निकाल ठरलेलाच असतो.

मुळात ती चित्रं संगणकावर टाइप केलेल्या मजकुरापासूनच बनवलेली असतात. ज्याच्याकडे मजकूर आधीच आहे, तो तोच पुन्हा टाइप करायला फॉर्ममागे 35 रुपये का देईल? छापील कागदावरची अक्षरं ओळखणारी सॉफ्टवेअरं आज मोबाईलमध्येसुद्धा आहेत. एकेकाळी खरोखर चालणारं हे काम त्यांनी जवळजवळ संपवलंय, पण त्याची जाहिरात मात्र जोरात चालू आहे.

मुदत संपली की ‘क्यूसी रिपोर्ट’, म्हणजे कामाच्या दर्जाच्या तपासणीचा अहवाल, येतो: अचूकता साठ-सत्तर टक्के. दुसऱ्या दिवशी ‘लीगल डिपार्टमेंट’चा फोन. आवाज बदललेला, भाषा दरडावणीची. अशोकस्तंभाचं चित्र असलेली नोटीस व्हॉट्सअॅपवर येते, संध्याकाळपर्यंत पैसे भरा नाहीतर वॉरंट निघेल, सिबिल खराब होईल, पॅन बंद होईल. सर्वांत जिव्हारी लागणारी धमकी म्हणजे ‘सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत हे नाव येईल.’ भरतीची तयारी करणाऱ्याची इथे पाचावर धारण बसते आणि तो उसने घेऊन पैसे पाठवतो. पाठवले की सुटका होत नाही. मग एनओसी शुल्क, वकील शुल्क, ‘परत मिळणारी’ अनामत असा पुढचा आकडा येतो. एकदा पैसे देणारा पुन्हा देईल, एवढंच त्यांना हवं असतं.

कायदा काय सांगतो? करार मोडणं ही दिवाणी बाब आहे, त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. फसवून घेतलेली संमती भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 19 नुसार रद्द करता येते. करार खरा धरला तरी कलम 74 खाली न्यायालय वाजवी भरपाईच देतं, लिहिलेली रक्कम आपोआप देणं लागत नाही. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. खरा खटला असेल तर त्याला 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या अॅपवर फुकट तपासता येतो. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या (आयपीसी) जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यानंतरच्या कामासाठी आलेल्या नोटिशीत ‘आयपीसी 420’ लिहिलेलं दिसलं, तर जुना मसुदा तसाच फिरवलाय हे ओळखा. आणि कोणतंही न्यायालय कुणाच्या खासगी यूपीआय आयडीवर पैसे मागत नाही.

फोन आला असेल तर पैसे पाठवू नका आणि वाद घालत बसू नका. एकच ईमेल करा: ‘हा करार फसवणुकीने करून घेतलेला असल्यामुळे मी तो कलम 19 नुसार रद्द करत आहे. तुमची मागणी अमान्य आहे. दावा दाखल असल्यास सीएनआर क्रमांक कळवा.’ त्यानंतर फोन उचलू नका, पण नंबर ब्लॉक करण्याआधी चॅट, कॉलची यादी, करार, रिपोर्ट आणि नोटीस यांचे स्क्रीनशॉट दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवा. भीतीपोटी चॅट डिलीट करणं ही इथली सर्वांत महाग पडणारी चूक, कारण तक्रारीला पुरावाच उरत नाही.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ आणि आपल्या बँकेचं नाव हाताशी ठेवा. समोरच्या खात्यात पैसे शिल्लक असतील तरच ते गोठवता येतात आणि ते खातं काही तासांत रिकामं होतं, म्हणून आधी फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर तक्रार. पैसे गेले नसले तरी धमक्यांची तक्रार करता येते. फसवणुकीला न्याय संहितेचं कलम 318 आहे, खंडणीला 308. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, मदत क्रमांक 15100. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दिलेल्या कागदांचाही बंदोबस्त करा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत ते बघा, आणि वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट काढून नावावर अनोळखी कर्ज नाही ना, ते तपासा. पुढे कुठेही आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. कोऱ्या कागदावर केलेल्या सहीचा फोटो कुणालाही पाठवू नका.

राहिले ते दोन नंबर. तुम्ही फोन उचलणं थांबवलं की ही माणसं तुमच्या वडिलांना, काकांना किंवा मैत्रिणीला फोन करून ‘तुमच्या मुलीवर केस झालीय’ असं सांगतात. घरच्यांना काहीच माहीत नसेल तर तेच घाबरून पैसे भरतात. त्यामुळे पहिली नोटीस आली त्याच दिवशी, त्यांचा फोन जायच्या आधी, त्या दोघांना सगळा प्रकार सांगा आणि पैसे भरायचे नाहीत हे ठरवून घ्या.