हायवेवरचा पंप बराय की, मग शाळेजवळ दुसरा कशाला?

तीन स्टार देतोय, चौथा टॉयलेटने घालवला, कुलूप लावून चावी ऑफिसात आणि ऑफिसात माणूस नाही. पण पेट्रोलबद्दल तक्रार नाही. पेट्रोल पूर्ण मिळतंय का बघायला पाच लिटरचं माप मागितलं तर तोंड वाकडं न करता आणून देतात, माझ्यासमोर भरलं तेव्हा निमुळत्या गळ्यावरच्या खुणेला बरोब्बर टेकलं, आणि मशीनवर झिरो दाखवल्याशिवाय पोरं नोझल उचलत नाहीत.

रांग मात्र डोक्याला ताप. सगळे म्हणतात गावाला एक पंप पुरत नाही म्हणून हायस्कूलच्या रस्त्यावर नवीन येतोय तर येऊ दे. अहो, इथे चारपैकी दोन नोझल बंद असतात, रांग लागणारच ना! ती चालू करायला लावा आधी. हां, रिक्षावाल्यांना गावातून हायवेपर्यंत हेलपाटा पडतो हे खरंय, त्यांचं चुकीचं नाही.

पण ती जागा बघितलीय का कुणी? एसटी वळते तिथेच बारा हजार लिटरचा टँकर रिव्हर्स घेणार, तोही शाळा सुटायच्या वेळेला आला की झालं कल्याण. केंद्रीय प्रदूषण मंडळाचा जानेवारी २०२० चा नियमच आहे, शाळेपासून ५० मीटर, अगदीच जागेची अडचण असली तर जादा सुरक्षा करून ३० मीटर, त्याच्या आत नाहीच. आणि हे अंतर डिस्पेन्सर म्हणजे पेट्रोल भरायचं मशीन, टाकी भरायचं तोंड किंवा टाकीतली वाफ बाहेर सोडणारा व्हेंट पाईप, जे सगळ्यात जवळ असेल तिथून धरायचं, त्यामुळे टेप घेऊन कोण कुठून मोजतंय तिथे उभं राहून बघा. जिल्हाधिकाऱ्यांची एनओसी निघायच्या आधी लेखी हरकत द्या, नागपूरच्या पेसोलाही, म्हणजे पंपाला लायसन देणाऱ्या केंद्राच्या खात्याला, कॉपी पाठवा, नुसतं चहाच्या टपरीवर बोंबलून काय होणार?

मला खरी भीती विहिरींची वाटते. खाली सगळा जांभा, पावसाचं पाणी कुठून कुठे झिरपतं पत्ता लागत नाही, जमिनीखालची टाकी कधी गळली तर आधी खालच्या वाडीच्या पाण्याला वास येणार आणि मग टँकर येणार, पाण्याचा. पंप काय, हायवेला पलीकडच्या बाजूलाही होईल, तिथे ना शाळा ना विहीर.

बाकी इथे हवा फुकट आहे, पाच रुपये मागितले तर देऊ नका. आणि सकाळीच जा, संध्याकाळी हवावाला पोरगा जागेवर सापडत नाही.