जांभळी नाका, ठाणे: मंडईबाहेर बसणाऱ्या मावश्यांकडची भाजी

ठाण्यात जांभळी नाक्याला भाजी घ्यायला जाणार असाल, तर गाळ्यांवर जाण्याआधी रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेल्या बायकांकडे जा. शहापूर, वासिंद, आसनगावकडून पहाटेच्या लोकलने त्या येतात. पुढ्यात चार-पाच वाटे, एखादी टोपली, वर ओलं फडकं, एवढंच दुकान. माझ्या मते अख्ख्या ठाण्यात याहून चांगली भाजी मिळत नाही.

मी राहते नौपाड्यात. वय एकसष्ट. गुडघे कुरकुरतात आणि ह्यांना साखर आहे, त्यामुळे चालणं दोघांनाही सक्तीचं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. आकडा मोठा नाही, पण तो बारा महिने टिकवणं अवघड. तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, जानेवारीत चालायला जागा नसते आणि जुलैत निम्मी माणसं गायब होतात. नुसतं चालायचं म्हणून पावसात कोण बाहेर पडेल? पण भाजी आणायची असली की छत्री आपोआप हातात येते. म्हणून आमचा रिवाज असा: मासुंदा तलावाला फेऱ्या मारायच्या, कोपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडायचे, तिथून नाक्यावर, आणि पिशवी घेऊन पायीच घरी. रिक्षा करायची नाही. हातात धरून चालवेल तेवढीच भाजी घ्यायची. त्यामुळे ती ताजी असतानाच संपते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावं लागतं.

खरी मजा पावसाळ्यात. वळवाच्या सरी पडल्या की मे संपता संपता किंवा जूनच्या सुरुवातीला शेवळं येतात. तपकिरी-जांभळट, गुंडाळलेल्या कोंबासारखी. महाग असतात, आणि महाग असायलाच हवीत, कारण ती कोणी शेतात लावत नाही. जंगलात फिरून, वाकून, एकेक शोधावी लागतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला मावशी सरळ विचारते, "काकडं घेतलीस का? त्याबिगर नेऊ नको, घसा खाजंल." काकडं म्हणजे शेजारच्याच वाट्यातली छोटी हिरवी आंबट फळं. शेवळात खाज असते, ती या आंबटाने मरते. हाताला तेल लावून वरची पानं काढायची, आतल्या दांड्याच्या बुडाचा पिवळसर दाणेदार भाग टाकून द्यायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि काकडं उकडून त्यांचा कोळ घालायचा. आमच्याकडे त्यात सोललेले वाल घालतात, शेजारच्या प्रधानांकडे कोलंबी. कोलंबीची भाजी जास्त चांगली लागते, हे मी वालाच्या घरातली असूनही मान्य करते.

मग टाकळा. रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत कुठेही उगवतो म्हणून लोक त्याला हलकं समजतात. तसं समजू नका. पहिल्या पावसानंतरची कोवळी पानं खुडून, भिजवलेली मूगडाळ, भरपूर लसूण आणि ओलं खोबरं घालून केलेला टाकळा आणि तांदळाची भाकरी, एवढ्यावर जेवण होतं. जुलै सरला की पानं जून होतात, मग घेऊ नये, आणि मावशीही मग आणत नाही. त्याच सुमाराला फोडशी येते. दिसायला गवतासारखी, बुडाशी माती धरून, त्यामुळे धुवायला दोन-तीन पाणी लागतात. कांदा आणि चणाडाळ घालून भाजी करा, उरली तर थालीपिठात घाला. भारंगी कडू, ती उकडून पिळूनच करायची. ह्यांना ती आवडत नाही, मला फार आवडते.

श्रावणात करटोली. इथे एक तुलना करते. मुलीने एकदा मोबाइलवरून करटोली मागवली, घरपोच आली, पाकीट सुंदर होतं. आत अर्धी पिवळी पडलेली आणि बिया दगडासारख्या. मावशीकडे एकेक करटोलं हातात घेऊन, दाबून बघता येतं. तिच्याकडेही चुकून एखादं पिकलेलं निघालं तर ती स्वतःच बाजूला काढते.

आणि गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीची ऋषीची भाजी. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा या दिवसाचा नेम. म्हणून नांगरटीवाचून, हाताने लावलेल्या परसातल्या आणि रानातल्या भाज्या. अळू, माठ, भोपळा, सुरण, भेंडी, मक्याचं कणीस, पडवळ, अंबाडी असं सगळं एकत्र करून चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून वाटे लावलेले असतात. फोडणी नाही, मसाला नाही. हिरवी मिरची, मीठ, खोबरं, चिंचेचं बोट. वर्षातलं माझं सगळ्यात आवडतं जेवण हेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत रोज ४०० ग्रॅम भाज्या खायला सांगितलंय. एरवी एवढी भाजी पोटात जावी म्हणून मी धडपडते. त्या दिवशी ती सहज जाते आणि दुसरा वाढा मागितला जातो.

ऑक्टोबर तसा रिकामाच. ऊन जळतं, रानात विशेष काही नसतं, तेव्हा गाळ्यांवरून दुधी-दोडका घ्यावा.

थंडी पडली की पुन्हा त्यांच्याकडे कोनफळ, करांदे, वालाच्या शेंगा, ओली हळद. करांदे मिठाच्या पाण्यात उकडून खायचे, बाकी काही लागत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी, तेव्हा मात्र मी मंडई आणि मावश्या दोन्हीकडे फिरते, कारण हरभरा, गाजर, वांगी, पावटा, बोरं, ऊस हे एका टोपलीत मिळत नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि ती मिसळीची भाजी. थंडीत सकाळी भूकही तशी लागते, फेऱ्याही जास्त होतात.

उन्हाळ्यात ठाण्याचा घाम. आम्ही सहाच्या आत घर सोडतो आणि फेऱ्या कमी करतो. त्या दिवसांत करवंदं, जांभळं, ताडगोळे, रायवळ आंबे. घरी आल्यावर नाचणीचं आंबील, ताक घालून. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, माझ्या हाडांना ते हवंच आहे.

आता उणिवा. पावसात तिथे चिखल होतो. साडी किंवा लांब सलवार नेसून जाऊ नका, चपलेचा तळ घसरणारा नको. तराजू बहुतेकींकडे नाही, वाट्यावर भाव. सगळ्यांकडे मोबाइलवर पैसे घेण्याची सोय नाही, सुटे न्या. सगळ्यात मोठी उणीव गिऱ्हाइकाची नाही, त्यांची आहे: डोक्यावर छप्पर नाही, बसायला ओटा नाही. भर पावसात प्लॅस्टिकचा कागद पांघरून बसलेली बाई आपल्याला भाजी कशी करायची ते समजावून सांगते, आणि तिला साधी कोरडी जागा मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. कृपा करून दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. त्या जुडीमागे पहाटेच्याही आधीची रानातली पायपीट असते.

एक सूचना मनापासून. हे सगळं वाचून रस्त्याकडेची पानं स्वतः तोडायला जाऊ नका. सारख्या दिसणाऱ्या वनस्पती असतात, काही विषारीही. ओळख त्यांची आहे, त्यांच्याकडूनच घ्या. नवी भाजी दिसली तर कशी करायची ते तिथेच विचारा. उकडायची का, पिळायची का, आंबट घालायचं का. पहिल्यांदा थोडीच खाऊन बघा.

जायची वेळ सातच्या आसपास. नऊनंतर चांगला माल उरत नाही, आणि दुपारच्या गाडीने त्या परततात. गुडघे दुखणाऱ्यांनी स्टेशनच्या पश्चिमेकडून यावं, अंतर थोडं आहे आणि चढ नाही. शेवळं हवी असतील तर पहिल्या सरीनंतर लगेच या, ती दोन-तीन आठवड्यांतच संपतात. आणि काकडं त्याच वेळी घ्या.