सॅम मूल सापडलं, एनआरसीत न्यायचं की गावातच व्हीसीडीसी?

मेळघाटात नवीन कामाला लागलेल्या दोघा-तिघांनी हेच विचारलं म्हणून लिहितोय. सॅम म्हणजे अतितीव्र कुपोषित मूल, एनआरसी म्हणजे अशा मुलांना आईसोबत भरती करून घेणारं पोषण पुनर्वसन केंद्र, आणि व्हीसीडीसी म्हणजे अंगणवाडीतच चालणारं ग्राम बालविकास केंद्र. दंडाला गुंडाळायची मापपट्टी लाल आली, म्हणजे दंडघेर 11.5 सेंमीच्या खाली, आता मूल घेऊन एनआरसी गाठायची की अंगणवाडीतल्या व्हीसीडीसीत ठेवायचं? मी दोन्ही करून बघितलंय.

आधी एक सांगतो. दोन्ही पायांवर सूज असेल (अंगठ्याने दाबलं की खड्डा राहतो), मूल खातच नसेल, ताप, जुलाब, धाप, सुस्ती यातलं काहीही असेल, किंवा बाळ 6 महिन्यांच्या आतलं असेल तर चर्चाच नाही, सरळ गाडी करा. पुढचं सगळं लाल पट्टीतल्या पण भूक चाचणीत (समोर उपचाराचं खाणं देऊन बघतात ती) नीट खाणाऱ्या मुलाबद्दल आहे.

एनआरसीबद्दल मला आदर आहे. रात्रीसुद्धा ठरलेल्या वेळेला दूध मिळतं, आधी एफ-75 हे सुरुवातीचं हलकं उपचाराचं दूध, मूल सावरलं की जास्त ताकदीचं एफ-100, रोज वजन होतं, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. मी नेलेली पोरं तिथे आठवड्याभरात डोळ्यांत चमक घेऊन बसलेली बघितलीत, गावात हा फरक दिसायला बराच वेळ लागतो. वेगाचं म्हणाल तर एनआरसीच पुढे.

पण किमान 14 दिवस आणि आई सोबत हवी, इथेच माझं गणित फिरलं. एका बाईला दोन दिवस समजावून नेलं होतं, धाकटं 14 महिन्यांचं आणि थोरलं तीन वर्षांचं. वॉर्डात सांगितलं की एका आजारी मुलामागे एक आई, दुसऱ्या मुलाची सोय नाही. थोरलं आजीकडे ठेवलं. पाचव्या दिवशी पहाटे बाई धाकट्याला घेऊन एसटीने निघून आली. सगळे तिच्यावर चिडले, मीपण चिडलो, आणि घरी जाऊन बघतो तर आजी शेतावर गेलेली आणि थोरलं पोरगं एकटं अंगणात बसलेलं, सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. तिथे मी काय बोलणार होतो? बुडीत मजुरी मिळते हे तिला माहीत होतं, पण ती पैशासाठी परत आलीच नव्हती. त्यानंतर असंच अजून दोनदा झालं, कारण दरवेळी घरी राहिलेलं मूल.

व्हीसीडीसीत हा प्रश्न येत नाही. सेविका गावातली, कोरकूत बोलते, मूल तिच्या ओळखीचं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाणं, सोबत सरकारच्या अमृत आहार योजनेतलं अंडं-केळं, आणि संध्याकाळी मूल आपल्या घरी. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफनेही 2007 मध्ये हेच सांगितलंय की गुंतागुंत नसलेलं, भूक असलेलं सॅम मूल वस्तीतच बरं होऊ शकतं. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (एनएफएचएस-5, 2019-21) महाराष्ट्रातली 5 वर्षांखालची 10.9 टक्के मुलं तीव्र कृश, म्हणजे उंचीच्या मानाने फारच कमी वजनाची निघाली, एवढ्या पोरांना कॉट आणायच्या कुठून?

त्रास इथेही आहेच. सेविकेच्या मागे रजिस्टरं, मोबाईलवरची माहिती, मिटिंगा, त्या दिवशी खाण्याच्या वेळा हुकतात. खाण्याचं पाकीट घरी दिलं की भावंडांत वाटलं जातं, आईला कसं नाही म्हणणार, म्हणून समोर बसवूनच खाऊ घालायचं. आणि दिवाळीनंतर कुटुंब कामाला बाहेर पडलं की व्हीसीडीसीचा धागा तुटतोच. निघायला दोन-तीन आठवडे असतील आणि घरी थोरल्यांना बघणारं कुणी पक्कं असेल तर तेवढ्यात एनआरसीचे 14 दिवस पदरात पाडून घ्या, तिथे मी माझं मत बाजूला ठेवतो.

बाकी वेळी मी व्हीसीडीसीच म्हणेन. कदाचित तुमच्याकडच्या एनआरसीत भावंडाची सोय असेल, असेल तर उलटंही ठरू शकतं, म्हणून नेण्याआधी फोन करून एवढं विचाराच. आणि आईला पट्टीचा रंग सांगायच्या आधी घरी अजून कोण कोण आहे ते विचारा.

त्या बाईचं धाकटं मग अंगणवाडीतच ठेवलं. थोरलंही रोज बरोबर यायचं, दोघांना शेजारी बसवलं की धाकटं भावाच्या ताटाकडे बघत बघत आपली वाटी संपवायचं. पट्टी पिवळ्यात यायला सात आठवडे लागले, पण आई एक दिवसही चुकली नाही.